हळदीचे दगड, लाकडाची नाव

एक खुंटा. काठावरच्या वाळूत पक्का ठोकलेला. त्याला काहीही बांधलेलं नाही.

*

यवतमाळहून एक गाडी निघाली आहे. मागच्या सीटवरची चिमुरडी दर वळणाला विचारते, "नदीत मगर आहे का?" आई दर वळणाला सांगते, "नाही." चिमुरडी दर वळणाला हिरमुसते.

*

"लाकूड म्हणजे जनावर असते बाबू. त्याले पाणी पाजा लागते." रामराव, काल संध्याकाळी, आपल्या बैलगाडीच्या चाकावर थाप मारत. अख्ख्या पंचक्रोशीत टायरच्या गाड्या आल्या. लाकडी चाकांची ही एकच उरली. ऐकणारं कोणी नव्हतं, बैल सोडून.

*

लखनच्या दोन्ही हातांना काळं लागलं आहे.

*

तारेच्या कुंपणावर वाळत घातलेली एक पांढरी बंडी. ओलीगच्च. पोटावर लाल डाग.

*

आणि या सगळ्यावर, पार नदीच्या पलीकडे ऐकू जाईल असा, बिजलीबाईचा आवाज:

"माह्या चुली कोणं नेल्या व!"

आधी एवढं समजून घ्या

बाभुळगाव तालुक्यात वर्धा नदी एके ठिकाणी विळ्यासारखी वळते. वळणाच्या वरच्या अंगाला तांडा. तांड्यातल्या पुष्पाने त्या वळणावर एक तळ उभा केला. तुऱ्हाट्यांच्या कुडाच्या खोल्या, शेणाने सारवलेली जमीन, बांबूचा मांडव, आणि पाण्यात सोडायला नावा. एकेका माणसाच्या, रंगीत प्लास्टिकच्या कयाक नागपूरच्या रजतने आणल्या. तो वल्हवायला शिकवणार होता. मोठी, चौघांची, लाकडी कॅनू मात्र इथली. कळंबच्या सुताराने ती मोबाइलवर व्हिडिओ पाहून बनवली. तांड्यातली माणसं तिला नुसती 'लाकडी' म्हणत.

आज पहिले पाहुणे यायचे होते. एक लहान मुलगी आणि एक आजोबा सोबत होते, त्यांना कयाकमध्ये एकटं बसवता येत नाही. म्हणजे लाकडी नाही तर सफर नाही.

आणि लाकडी नव्हती.

काठावर जायची वाट रामरावांच्या शेतातून होती. फाटकही त्यांचंच. फाटक उघडताना त्यांनी अख्ख्या गावासमोर बजावलं होतं, "माह्या काठावर चोरी झाली, भांडण झालं, कोणी बुडलं, त्याच दिवशी फाटक बंद. मंग बोंबलत बसू नका."

म्हणून बबिता पळत होती.

बबिता गावची पोलीस पाटील. नेमणूक झाल्यापासून तिच्याकडे आलेली प्रकरणं अशी: एक बकरी (सापडली), एक शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण (चालूच आहे), एक लाऊडस्पीकर (फुटला). आज पहिल्यांदा खरीखुरी, रहस्याची, छातीत धडधड करणारी गोष्ट घडली होती. पळता पळता तिला हसू फुटत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती. पुष्पा तिची लहानपणापासूनची मैत्रीण. मैत्रिणीच्या घरी चोरी झाल्यावर कोणी हसतं का? पण पाय ऐकेनात. चिखलात फताफत पडत ते पुढेच जात होते.

काठ

"बबिता, फाटक बंद होईन व आज," पुष्पा म्हणाली. ती रडत नव्हती. खाली बसून वाळूवर हात फिरवत होती, जशी काही नाव वाळूतच मुरली असावी.

"होत नाही बंद. रामराव काकाले माहीत झालं काय?"

"अजून नाही सांगितलं."

"मंग अजून चोरी झाली नाही. हो बाजूले, पाहू दे."

बबिताने वाळू पाहिली. नाव ओढून नेल्याची घासट कुठेच नव्हती. म्हणजे ती पाण्यातूनच गेली होती. दोर कापलेला नव्हता. खुंट्याची गाठ सोडून दोरही नावेसोबत नेला होता. वाळूवर बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, पण त्या रोजच्याच. रामरावांची गाडी रोज संध्याकाळी तळावर सरपण टाकून जायची.

तेवढ्यात बिजलीबाई, म्हणजे पुष्पाची सासू, दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"नावेचं पाहून राह्यली तू. माह्या चुलीचं कोण पाहीन?"

"याडी, दगडंच त होते," पुष्पा म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात, सासूलाही.

"दगडं? हळद-कुंकू लावलं होतं मी काल! आज पह्यला जाळ घालाचा होता. तांड्यातलं कुत्रंबी त्याले शिवणार नाही. चारी चुलीचे दगडं गेले. एकबी नाही ठेवला, पाटा वाटाले!"

"कोण्या वेळी लावली हळद?"

"दिवे लागल्यावर. मंग आम्ही सारे तांड्यात जेवाले गेलो. हा शहाणा राह्यला राखणीले." तिने हनुवटीने रजतच्या तंबूकडे दाखवलं. "कानात बोंडं घालून झोपला."

बबिता चुलींच्या रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. हा काठ म्हणजे वाळू आणि काळी माती. मूठभर दगड हवा असला तरी टेकडीवरून आणावा लागतो. चुलीचे दगडही पुष्पाने तसेच आणवले होते.

नाव चोरणारा चुलीचे दगड कशाला नेईल?

प्रश्न इतका सुरेख होता, की बबिताला तो चघळत बसावासा वाटला. पण यवतमाळहून निघालेली गाडी थांबणार नव्हती.

जो ओरडतो

लखन, पुष्पाचा दीर, जाळं विणत बसला होता. नावा आल्या की मासे पळतील, असं तो महिनाभर ओरडत होता.

"तू म्हणत होता ना, साऱ्या नावा बुडवून टाकीन?"

"म्हणलो. म्हणाले काय जाते? मी त रोज म्हणतो का लग्न करीन. केलं काय?"

"तुले कोण देते पोरगी! हाताले काय लागलं?"

"ऑइल. पंपाचं."

बबिताने त्याचा हात ओढून नाकाशी नेला. लखन लाजून लाल झाला, कारण तांड्याकडच्या दोन पोरी पाणी भरायला आल्या होत्या आणि पाहत होत्या.

"हे ऑइल नाही. डांबर आहे."

"मंग?"

"मंग काय? डांबर कुठून लागलं?"

लखनने जाळ्यात तोंड घातलं. "तुम्हाले काय करा लागते? रस्त्याचं असन." आणि तो जोरजोरात गाठी मारू लागला.

रस्त्याचं? तांड्याच्या रस्त्यावर डांबर पडलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं.

जो ओला आहे

रजतचे बूट ओले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्याची पिवळी कयाकही ओली, आणि अजून कोणाला नदीत उतरायला सांगितलंच नव्हतं.

"मॅडम, मी सगळं सांगतो," तो म्हणाला. बबिताला 'मॅडम' फार आवडलं, पण तिने चेहरा कडक ठेवला. "उजाडताच मी उठलो, तेव्हाच नाव नव्हती. मी कुणाला उठवलं नाही."

"काहून?"

रजतने डोकं खाजवलं. "खरं सांगू? बरं वाटलं. काल आम्ही ती पाण्यात सोडून पाहिली तेव्हा फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आलं. घोट्यापर्यंत. तिच्यात मुलं बसवायची म्हणजे... मी पुष्पाताईंना म्हटलं, ही बाजूला ठेवा. त्या म्हणाल्या, सांधे बुजवू. रात्रीतून कसे बुजवणार? म्हणून नाव गेली ते पाहून आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली. मग कयाक घेऊन शोधायला गेलो."

"कुठवर?"

"खाली बंधाऱ्यापर्यंत. वाहून गेली असती तर तिथे अडकलीच असती. झुडपं पाहिली, दोन्ही काठ पाहिले. तिथे एक म्हैस होती फक्त. तिने मला पाहिलं."

बबिताने मान डोलावली. खाली नाही. म्हणजे वर. चोर असता तर त्याने प्रवाहाबरोबर नेली असती. फुकटचं वाहून जातं. प्रवाहाच्या उलट नाव ओढत नेणारा हा कसला चोर?

ज्याच्या हातात फाटक आहे

रामराव ओसरीवर बसले होते. अंगात ठेवणीतला शर्ट.

"आलं, पोलीस खातं आलं," ते म्हणाले. "काय म्हणता पाटलीन बाई? लाऊडस्पीकर फुटला काय अजून?"

"काका, लाकडी दिसून नाही राह्यली."

बबिता डोळे मिटून वाट पाहत राहिली. आता ओरडतील. आता उठतील, आता फाटकाची साखळी खळखळेल.

रामराव ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "पाव्हणे कवा येतात?"

"निघाले."

"त्यायले म्हणा, दुपारून या. आंधी चिंतामणीचं दर्शन घ्या म्हणा कळंबले. उन्हं वर येऊ द्या. घाई कायची हाय?"

"काका, चोरी झाली म्हणजे..."

"मी चोरी म्हणलो काय? तू म्हणून राह्यली चोरी." ते उठून उभे राहिले आणि उठताना कंबर धरून कळवळले. "चार धट्टे माणसं जमव. मंग पाहू."

"कंबरेले काय झालं?"

"म्हातारपण झालं. अजून काय होईन?"

कुंपणावर ती पांढरी बंडी लटकत होती. खाली ठिबकत होती. बबिताने पोटावरच्या लाल डागांकडे बोट केलं.

"हे काय सांडलं?"

"खर्रा. थुंकताना उडाला."

घरातून त्यांची बायको विजयमाला बाहेर आली आणि बंडी बघून कपाळाला हात लावला. "बबिता, पाह्य व. लग्न होऊन इतके वर्ष झाले, यायनं रुमाल नाही धुतला कवा. आज झुंजुरकाच उठून स्वतःच्या हातानं बंडी धुतली. आन धुतली कशी त साबण तसाच! फेस पाह्य, टपकून राह्यला. नुसता साबण फासून वाळत घालते काय कोणी?" तिने बंडी ओढली आणि खळाळून काढायला बैलांच्या पाण्याच्या नांदीकडे निघाली.

"राहू दे ना व!" रामराव म्हणाले. जरा जास्तच जोरात.

बबिता परत निघाली. ओरडणारा माणूस ओरडला नाही, ही गोष्ट तिला दाताखाली खडा यावा तशी खटकत होती.

एका वाक्याचं प्रकरण

पाहुण्यांची गाडी फाटकाशी येऊन थांबली आणि चिमुरडी ओरडली, "नाव कुठाय?"

डाग

फाटक उघडायला बबिताच पुढे झाली. साखळी काढताना तिची नजर कुंपणावर गेली. विजयमालाने बंडी स्वच्छ पाण्यातून काढून पुन्हा वाळत घातली होती.

डाग होते. तिथेच, पोटावर, तेवढेच.

पण लाल नव्हते. पिवळे होते.

बबिताच्या हातातून साखळी सुटली.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा डाग पिवळा पडत नाही. खर्ऱ्याचा डाग मरेपर्यंत तपकिरी राहतो. तिच्या नवऱ्याचे सगळे शर्ट त्याची साक्ष द्यायला घरी टांगलेले होते. पण एक डाग असा असतो, जो साबण लागला की लालभडक होतो आणि साबण निघून गेला की परत पिवळा. लग्नघरातल्या लुगड्यांवर तो तिने हजारदा पाहिला होता.

हळद.

"पुष्पा!" ती किंचाळली. "लखन! रजत! पोहता येते तेवढे सारे या! पाव्हण्यायले चहा द्या! नको, पाव्हण्यायलेबी आणा!"

उंबराखाली

सगळे धावले. पाहुणेही धावले. त्यांना वाटलं, सफरीची सुरुवात अशीच असते. रामराव सगळ्यांत शेवटी, कंबर धरून.

नदीच्या वरच्या अंगाला, तळापासून हाकेच्या अंतरावर, उंबराखाली एक डोह आहे. काठ उतरता, पाणी संथ. बैलगाडीच्या चाकोऱ्या थेट तिथे जात होत्या. रामरावांच्या गाडीच्या चाकोऱ्या आहेत म्हणून सकाळपासून त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

बबिता काठावर वळून उभी राहिली. तिचा श्वास फुलला होता, पण हा क्षण ती कोणालाही देणार नव्हती.

"ऐका. नाव पळवाची असती त चोर खाली गेला असता. नाव मोडाची असती त कुऱ्हाडीचा एक घाव पुरला असता. पण याले दगडं लागले. भारी भारी दगडं, तेबी एवढे का चार चुली रिकाम्या केल्या. लाकडी नावेत पाणी भरलं तरी ते तळाले जात नाही, तरंगते. तिले खाली बसवाचं असन त दगडं ठेवा लागतात. मंग सांगा मले, धडधाकट नाव, न तोडता, न फोडता, पाण्याखाली कोण ठेवते?"

चिमुरडीने हात वर केला, पण तिला उत्तर येत नव्हतं.

"दगडावर हळद होती. तांड्यातल्या माणसानं ते उचलले नसते, याडीच्या तोंडाचं भेव सारेच घेतात. हे त्यानं उचलले, ज्याले अंधारात हळद दिसली नाही. पोटाशी धरून उचलले, म्हणून डाग पोटावर. सकाळी तो डाग पाहून घाबरला आन जन्मात पह्यल्यांदा कपडे धुवाले बसला." ती रामरावांकडे वळली. "काका, या साऱ्या गावात लाकडी चाकाची गाडी एकट्या तुमची आहे. उन्हाळ्यात चाकाचे आरे ढिले पडले का तुम्ही चाकं काढता आन याच डोहात भिजू घालता. लाकूड फुगते, सांधे बसतात. काल नावेत पाणी शिरताना तुम्ही पाहून राह्यले होते."

उंबरावरचा भारद्वाज फडफडत उडाला.

"पाहून राह्यलो होतो," रामराव म्हणाले.

"बाप्पा!" विजयमालाने तोंडाला पदर लावला.

"म्हणलं, रातभर भिजली का फुगन. झुंजुरकाच वर काढून जाग्यावर बांधून ठेवीन, कोणाले कळणारबी नाही. दोर धरून आणली, गाडीत दगडं आणले, ठेवले. बसली तळाले. पण चाक कसं असते, भिजलं का लोळवत आणता येते. हे नाव लोळते काय? पोटात पाणी भरून बसली म्हैस होऊन! पहाटे उतरलो, ओढू ओढू कंबर गेली. दगडबी हाती लागून नाही राह्यला."

"मंग सांगाचं ना काका!" पुष्पा ओरडली. "माहा जीव चालला होता!"

"कोण्या तोंडानं सांगू? चोरी झाली त फाटक बंद, म्हणून मीच बोंबललो गावभर." ते काठावर बसले. "पोरी, नावेत पाणी शिरलं असतं, कोणाचं काही झालं असतं, त मले फाटक बंद करा लागलं असतं. तू तळ टाकला तवापासून माह्या दारावरून माणसं जातात-येतात. मले नोतं कराचं बंद."

पुष्पा त्यांच्या शेजारी काठावर जाऊन बसली.

पाण्यातून

लखनने आधीच उडी मारली होती.

तो वर आला तो पिवळा-लाल माखलेला दगड हातात घेऊन. काठावर जल्लोष झाला. दुसरा दगड, तिसरा. रजत बुटांसकट उतरला. पाहुण्यांपैकी दोघे पँट दुमडून उतरले. प्रत्येक दगड वर आला की बिजलीबाई तो मोजून घेई आणि रामरावांकडे बघे. "तुम्हीच मांडान चुली. मी वरून हळद लावीन. आन जेवाले आज इथंच बसा लागन, दंड समजा." रामराव निमूट मान हलवत होते.

मग पाणी काळवंडलं, फुगलं, आणि लाकडी वर आली. काठोकाठ भरलेली, चिखलाने माखलेली. सगळ्यांनी मिळून कलंडली, तसं नदीचं पाणी नदीत परत गेलं.

रजतने आत हात घालून सांधे चाचपले. एका सांध्याशी थांबला. "इथे नवीन काहीतरी भरलंय. कापूस आणि... डांबर?"

सगळ्यांनी लखनकडे पाहिलं. लखनने डोळ्यांवरचे केस मागे सारले.

"वहिनीनं म्हणलं होतं ना, सांधे बुजवा लागन. सारे जेवाले जाच्या आंधी बुजवले. तेवढंच." आणि मग, पाणी भरणाऱ्या पोरी इथेही आल्या आहेत हे पाहून, चढ्या आवाजात, "मासे पळतीन ते पळतीनच! मी माहं म्हणणं सोडलं नाही!"

नाव पाण्यात सोडली. सगळे वाकून तिच्या पोटात बघत राहिले. बबिता, पुष्पा, पाहुणे, विजयमाला, सगळे. सांध्यांवर एकेक थेंब चमकत होता. थेंब मोठा होतो का? होत नव्हता. तळ ओला होता, ओलाच राहिला. पाणी चढेना.

"अजून थांबू," रजत म्हणाला.

थांबले.

"नाही येत," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "नाही येत!"

"पोलीस पाटील," रामराव उभे राहत म्हणाले. पहिल्यांदाच 'बाई' न लावता. "चोरी झाली का नाही झाली? सांगून टाक. फाटकाचं पाहा लागन."

बबिताने आधी पदर नीट खोचला. असा क्षण परत कधी येईल कोणास ठाऊक.

"चोरी झाली नाही," ती म्हणाली. "फाटक उघडंच राहीन."

तांडा ओरडला, पाहुणे ओरडले, ज्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तेही ओरडले. रजतने लाइफ जॅकेट वाटायला घेतली. चिमुरडीला सगळ्यांत लहान दिलं, तरी ते तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. ती मधल्या फळीवर बसली, शेजारी तिचे आजोबा. रजत पुढे चढायला गेला, तर पुष्पाने त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं.

"पुढं मी. तुम्ही मागं बसा."

ती चढली. नाव डुगडुगली, सावरली. बबिता आणि लखन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि दोघांनी दोन बाजूंनी जोर लावला.

"मगर आहे का?" चिमुरडीने विचारलं.

"असन त पाहू!" पुष्पा म्हणाली आणि वल्हं पाण्यात घातलं.

लाकडी सुटली. डोहातून धारेला लागली. धारेने तिला वळणाकडे उचललं. पाठोपाठ रंगीत कयाक एकेक करून पाण्यात पडल्या, काठावरून माणसं पळत निघाली, आणि बबिता ओल्या लुगड्यानिशी सगळ्यांच्या पुढे पळत ओरडत होती, "डाव्या अंगानं घ्या! डाव्या अंगानं!" पुष्पाने वल्हं उजवीकडे मारलं. नावेचं तोंड डावीकडे वळलं, वळणाचं पांढरं पाणी फळ्यांवर फुटलं आणि नाव त्यातून पार झाली.

नदीकाठी नावांचा तळ काढायची गोष्ट पुष्पाने घरात पहिल्यांदा बोलून दाखवली, तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं; आज पुढचं वल्हं तिच्या हातात होतं.